दोन मिलिमीटर आत

फियाटची पुढची दोन चाकं गाडी उभी असताना एकमेकांना समांतर नसतात. नसावीतही. वरून पाहता आलं असतं तर दोन्ही किंचित आत वळलेली दिसली असती, टायरच्या पुढच्या कडांमधलं अंतर मागच्या कडांपेक्षा एखाद-दोन मिलिमीटर कमी. गॅरेजमध्ये याला टो-इन म्हणतात. गाडी धावायला लागली की डांबर चाकांना मागे रेटतं. किंगपिनची, म्हणजे ज्या खिळीभोवती चाक डावी-उजवीकडे वळतं तिची, रेष जमिनीला टेकते ती टायरच्या मध्याच्या जरा आतल्या बाजूला, त्यामुळे हा रेटा चाकाला बाहेर फाकवतो. टाय रॉडच्या (स्टेअरिंगचं वळण चाकापर्यंत पोचवणाऱ्या दांड्याच्या) सांध्यांत, बुशांत, बेअरिंगमध्ये जी काही ढिलाई असेल ती सगळी त्या दिशेला गोळा होते. जेवढं फाकणार, तेवढं आधीच आत वळवून ठेवायचं. मग धावताना चाकं सरळ येतात.

म्हणजे अलाइनमेंट सेंटरमध्ये आपण जे मोजतो ते चाकांनी जसं असावं ते नव्हे. धावताना त्यांचं जे होणार आहे, त्याचा उभ्या गाडीत बांधलेला अंदाज आपण मोजतो. नव्या गाडीच्या बाबतीत हा अंदाज कंपनीनं बांधलेला असतो आणि तो बरोबर असतो, कारण बुश नवे, सांधे घट्ट, स्प्रिंगची उंची कारखान्यातून निघाली तशी. चाळीस वर्षांच्या गाडीत यातलं काहीच जागेवर राहिलेलं नसतं. पुस्तकातला आकडा मात्र तोच राहतो. जुनी गाडी बाळगणाऱ्या माणसांमध्ये यावरून दोन पंथ आहेत. एक म्हणतो, पुस्तकात लिहिलंय तेच. दुसरा म्हणतो, पुस्तक सोडा, गाडी सरळ चालली की झालं. मला दोघांचंही पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगायचा हा खटाटोप.

फियाट म्हणजे अर्थातच प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून जी फियाट ११०० डी बनायला लागली, तिचंच नाव पुढे प्रेसिडेंट झालं आणि १९७४ मध्ये पद्मिनी. पत्र्यावर काहीही लिहिलेलं असो, आमच्या घरात, वाड्यात, पेट्रोल पंपावर ती फियाटच होती. माझी १९८४ची आहे, काकांकडून आलेली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टेअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, पुढे प्रत्येक चाकाला दोन विशबोन (चाक धरणारे इंग्रजी A आकाराचे दांडे) आणि कॉइल स्प्रिंग, मागे सलग अ‍ॅक्सल आणि पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा. मुंबईच्या रस्त्यावरून काळ्या-पिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३ अखेर गेल्या, तेव्हा वर्तमानपत्रांत बरंच हळवं लिहून आलं. त्या लेखांत टॅक्सीवाल्यांच्या एका रोजच्या तक्रारीचा उल्लेख मला कुठे दिसला नाही: ही गाडी टायर खाते.

खाते, कबूल. पण खायला आपण घालतो म्हणून.

टायर खाणं म्हणजे नेमकं काय, याचा हिशेब एकदा कागदावर मांडून बघण्यासारखा आहे. १४ इंची रिमची बाहेरची कड ते कड धरली तर साधारण ३८० मिलिमीटर भरते. समजा टो-इन हवं त्यापेक्षा ३ मिलिमीटर जास्त आहे, म्हणजे प्रत्येक चाकाच्या वाट्याला दीड. ३८०ला दीड, म्हणजे हजाराला जवळपास चार. गाडी एक किलोमीटर सरळ गेली की प्रत्येक पुढचं टायर सुमारे चार मीटर आडवं घासलं गेलं. पुण्याहून मुंबईला जाईपर्यंत सहाशे मीटर. फिरत नाही, नुसतं आडवं फरफटतं. एखादं टायर हातानं सहाशे मीटर आडवं ओढत न्या, मग कळेल त्याचं रबर कुठे गेलं ते.

ही फरफट टायरवर लिहिलेली असते आणि हातानं वाचता येते. नक्षीवरून तळवा आडवा फिरवायचा, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. आतून बाहेर जाताना बोटांना धार लागत असेल आणि उलट येताना गुळगुळीत वाटत असेल, तर टो-इन जास्त झालंय. धार बाहेरून आत येताना लागली तर टो-आउट. झीज डोळ्यांना दिसायच्या कितीतरी आधी बोटांना कळते. ज्यांच्याकडे मी ही गाडी नेतो ते मिस्त्री गाडी आत घेताच पहिलं काम हे करतात, बोलणं नंतर. मशीनवर गाडी चढवायच्या आधी टायरवर हात फिरवणारा माणूस हल्ली अगदीच कमी सापडतो.

मशीनची गोष्ट निघालीच आहे तर. एका चकाचक अलाइनमेंट सेंटरमध्ये गाडी घेऊन गेलो होतो. मुलगा नम्र होता. चारही चाकांना कॅमेऱ्याच्या खुणा लावल्या आणि संगणकावर गाडी शोधायला लागला. यादीत फियाट होती. फियाट उघडली तर पालिओ, पुंटो, लिनिया. ११०० नाही, आणि प्रीमियर नावाची कंपनी त्या यादीच्या लेखी जन्मलीच नव्हती. त्यानं विचारलं, "सर, पुंटो टाकू का? फियाटच आहे ना?" पुंटोचं इंजिन पुढची चाकं फिरवतं, आमच्या गाडीचं मागची. म्हटलं, नको. मग त्यानं स्वतःच्या अधिकारात कुठलीशी गाडी टाकली, टाय रॉड फिरवले, पडद्यावरचे सगळे चौकोन हिरवे झाले आणि छापील कागद हातात आला. त्या कागदावर माझ्या गाडीचा नंबर होता. आकडे कुणाचे होते देव जाणे.

तरी मशीनला नावं ठेवण्यात अर्थ नाही. ते मोजतं उत्तम. दोऱ्या आणि ओळंब्यापेक्षा निश्चितच बारीक. घोळ होतो तो मोजलेलं कशाशी ताडायचं यात.

पहिला घोळ मोजमापाच्या एककाचा. जुनी पुस्तकं टो-इन मिलिमीटरमध्ये देतात, इंग्रजी गाड्यांची तर इंचाच्या अपूर्णांकात. मशीन देतं अंशात. मिलिमीटरचा अंश करायचा तर आधी हे मिलिमीटर कुठे मोजलेले ते माहीत हवं. रिमच्या कडेवर मोजलेला १ मिलिमीटर म्हणजे सुमारे ९ मिनिटं (अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट). तोच १ मिलिमीटर टायरच्या बाहेरच्या घेरावर, साधारण ६०० मिलिमीटर व्यासावर, मोजला तर जेमतेम ६ मिनिटं. म्हणजे "२ मिलिमीटर" या एकाच आकड्याचे १८ मिनिटंही होतात आणि १२ही. दीडपट फरक. त्यात भर म्हणजे काही मशीनं अंशाचे दशांश दाखवतात आणि काही मिनिटं. पुस्तकातला ०° ३०′ म्हणजे अर्धा अंश. कुणी तो ०.३० म्हणून टाकला की झाली १८ मिनिटं. दोन्हींत तीस दिसतात आणि कुणाला शंका येत नाही. कागद हातात घेतला की मी सगळ्यात आधी आकड्यापुढे काय लिहिलंय ते बघतो. छोटी रेघ की छोटं वर्तुळ.

दुसरा घोळ वजनाचा, आणि मला सगळ्यात गमतीचा वाटतो तो हाच. त्या काळच्या फियाटच्या वर्कशॉप पुस्तकांत अलाइनमेंटचे आकडे रिकाम्या गाडीचे नसत. गाडीत माणसं बसलीत, सामान ठेवलंय, स्प्रिंगा तेवढ्या दबल्यात, असं धरून ते दिलेले असत. विचार अगदी रास्त आहे. विशबोनची गाडी खाली बसली की चाकाचा वरचा भाग आत झुकतो, टाय रॉडचा कोन बदलतो, टो बदलतो. गाडी माणसं घेऊनच चालायची असेल तर मोजायचीही माणसांसकट. पण हे वाक्य पुस्तकाच्या तक्त्याखाली बारीक अक्षरात असतं, आणि तक्ता उतरवून घेणारे ते वाक्य उतरवत नाहीत. मग भरलेल्या गाडीचे आकडे रिकाम्या गाडीवर लावले जातात आणि पुस्तकच चुकीचं आहे असा निष्कर्ष निघतो.

आम्ही एकदा हे पुस्तकाप्रमाणे करायचं ठरवलं. वाळूची पोती आणावीत असा बेत होता, पण रविवार होता आणि सोसायटीत माणसं फुकट मिळत होती. पुढे दोघं, मागे दोघं. मागच्या सीटवर बसलेल्या अण्णांना वाटलं आपल्याला कुठेतरी नेणार आहेत, ते स्वेटर घालून आले. गाडी जागची हलणार नाही हे कळल्यावर त्यांनी वर्तमानपत्र मागवलं. मी खाली पालथा पडून मोजतोय आणि वरून ते पान उलटतायत. "अण्णा, जरा हलू नका हो!" "अरे, मी कुठे हलतोय? तुझी गाडी हलतेय." खरंच हलत होती. पान उलटलं की ओळंब्याची दोरी रिमपासून थोडी सरकायची. दबलेल्या स्प्रिंगांच्या जोडीला दमलेले शॉकअ‍ॅब्जॉर्बर असले की असं होतं.

तिसरा घोळ टायरचा. ही गाडी आखली गेली ती ५.२०-१४ मापाच्या क्रॉस-प्लाय, म्हणजे आतले दोरे तिरके एकमेकांवरून जाणाऱ्या, टायरवर. मिशलिननं रेडियल, म्हणजे दोरे कडेपासून कडेपर्यंत सरळ आडवे असलेल्या, टायरचं पेटंट १९४६ सालीच घेतलं होतं, पण आपल्या रस्त्यांवर रेडियल सर्रास दिसायला मारुती यावी लागली. क्रॉस-प्लाय टायर झुकवलं की झुकाव्याच्या दिशेला चांगलंच ढकलतं. रेडियल तितकं ढकलत नाही, त्याची बाजूची भिंत मऊ असते आणि नक्षीचा पट्टा ताठ. त्यामुळे क्रॉस-प्लायसाठी दिलेला बाहेरचा झुकावा, म्हणजे पॉझिटिव्ह कॅम्बर, रेडियलवर ठेवला तर फायदा थोडा आणि बाहेरच्या कडेची झीज जास्त. टो-इनही रेडियलला कमी लागतं. माझ्या गाडीवर आता रेडियल आहेत. पुस्तकातल्या मर्यादेच्या खालच्या टोकाला टो आणि शून्याच्या जरासा वर कॅम्बर, यावर मी आणि मिस्त्री येऊन थांबलो आहोत. पुस्तकवाल्या पंथाला हे पाखंड वाटतं. पण पुस्तक लिहिणाऱ्यासमोर हे टायरच नव्हतं.

आता ज्यांचं म्हणणं असतं की पुस्तक सोडा, त्यांच्याकडे वळतो. त्यांचा युक्तिवाद असा: एवढ्या गोष्टी बदलल्या तर आकड्याला चिकटून काय करायचं? चिकटायचं नाही, पण आकडा का आहे ते तर समजून घ्यायला हवं. टो-इन ही काही सगळ्या गाड्यांची रीत नाही. १९५९ साली आलेल्या ब्रिटिश मिनीच्या पुढच्या चाकांना पुस्तकात टो-आउट दिलेला आहे, एक सोळांश इंच. ती गाडी पुढच्या चाकांवर चालते. इंजिन चाकांना पुढे खेचतं, चाकं आत मिटायला बघतात, म्हणून आधीच बाहेर उघडून ठेवलेली. फियाटची चाकं ढकलली जातात म्हणून आत, मिनीची ओढतात म्हणून बाहेर. कारण कळलं की आपल्या गाडीत काय बदललंय आणि म्हणून आकडा कुठल्या बाजूला सरकवायचा हे ठरवता येतं. नुसतं "सरळ चालतेय ना" म्हटलं तर गाडी सरळ चालतेही. दोन्ही चाकं सारखीच वाकडी असली की ती एकमेकांविरुद्ध जोर लावत नाकासमोर जातात आणि टायर मात्र संपत राहतं.

मिस्त्रींचा क्रम ठरलेला आहे. मी आकड्यांचा कागद काढला की म्हणतात, "साहेब, ते नंतर. आधी हवा." चारही टायरची हवा थंड असताना. मग गाडी सपाट जागी उभी करून चारही कोपऱ्यांची उंची. त्यानंतर पुढचं चाक जॅकवर उचलायचं, एक हात वर आणि एक खाली धरून हलवायचं. खुळखुळलं की मला आत बसून ब्रेक दाबायला सांगतात. ब्रेक दाबल्यावर खुळखुळ थांबली तर ढिलाई बेअरिंगमध्ये, कारण ब्रेकनं ड्रम मागच्या पाटीशी जखडला. तरीही राहिली तर किंगपिन गेली. मग हात डावी-उजवीकडे धरून हलवायचं. इथली ढिलाई टाय रॉड एंडची किंवा आयडलरची, म्हणजे स्टेअरिंगच्या दांड्यांना पलीकडच्या बाजूनं आधार देणाऱ्या हाताची. हे सगळं होऊन, जे बदलायचं ते नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांतून आणून बसवून झाल्याशिवाय ते टाय रॉडच्या नटाला पाना लावत नाहीत. सेंटरमध्ये हे सगळं वीस मिनिटांत बसत नाही, म्हणून तिथे कुणी करत नाही. ढिल्या सांध्यांवर केलेली अलाइनमेंट पहिल्या खड्ड्यापर्यंत टिकते, आणि पुण्यात पहिला खड्डा सेंटरच्या फाटकातच असतो.

मग कोन. त्यांचाही क्रम आहे: कॅस्टर, कॅम्बर आणि शेवटी टो, कारण पहिल्या दोघांना हात लावला की तिसरा बदलतोच. कॅस्टर म्हणजे किंगपिनचं वरचं टोक मागे कललेलं असणं. सायकलचा पुढचा चिमटा असाच कललेला असतो, म्हणून उतारावर हात सोडून सायकल चालवता येते. वळणाची रेष रस्त्याला चाकाच्या पुढे टेकते आणि चाक तिच्यामागे आपोआप फरफटत सरळ येतं. फियाटमध्ये वळण घेतल्यावर स्टेअरिंग हातातून आपसूक परत फिरतं ते याच्याच जिवावर. कॅस्टर कमी झाला की गाडी महामार्गावर डुलते, जास्त झाला की पार्किंगमध्ये दंड भरून येतात. यातली गोम अशी की हा कोन मागचे पाटेही बदलतात. पाटे दमले, गाडी मागून बसली, नाक वर आलं, की पुढची किंगपिन आणखी मागे कलते. स्टेअरिंग जड झालं म्हणून लोक पुढचं सगळं उघडून बसतात आणि दुखणं मागे डिकीखाली असतं.

कॅम्बर घरी मोजता येतो. पुढच्या मडगार्डवरून ओळंबा सोडायचा, दोरीपासून रिमच्या वरच्या कडेचं आणि खालच्या कडेचं अंतर घ्यायचं. ३८० मिलिमीटरच्या रिमवर एक अंश म्हणजे साडेसहा मिलिमीटरचा फरक. अर्धा अंश सव्वातीन. गवंड्याचा ओळंबा आणि पोलादी पट्टी यांच्यावर एवढं नीट दिसतं. फक्त जमीन सपाट हवी, आणि आपल्या इमारतींच्या पार्किंगमधली जमीन पाणी वाहून जावं म्हणून मुद्दाम उताराची केलेली असते. पारदर्शक नळीत पाणी भरून चारही चाकांखालची पातळी बघावी आणि कमी पडेल तिथे फरशीचे तुकडे सरकवावेत.

कॅस्टर असा थेट मोजता येत नाही. चाक वीस अंश बाहेर वळवून कॅम्बर घ्यायचा, मग वीस अंश आत वळवून घ्यायचा, आणि दोहोंतल्या फरकाची दीडपट करायची. चाक जागच्या जागी वळावं म्हणून त्याखाली दोन गुळगुळीत फरश्या, मध्ये ग्रीस. हे मी हौस म्हणून केलं. त्याचा आनंद घ्यावा, पण त्या आकड्यावर शिम, म्हणजे कोन बदलायला घालतात त्या पातळ चकत्या, बदलू नयेत. तिथे मशीनलाच मान द्यावा.

टो मात्र दोरीनं इतका चांगला येतो की मशीनवाल्या मुलानंही नंतर तोंडात बोट घातलं. गाडीच्या दोन्ही बाजूंना चाकांच्या मध्याच्या उंचीवर दोऱ्या ताणायच्या, त्या एकमेकींना समांतर करून घ्यायच्या आणि रिमच्या पुढच्या-मागच्या कडेपर्यंतचं अंतर मोजायचं. इथे एक युक्ती आहे आणि तिच्याशिवाय सगळं फुकट. चाळीस वर्षांची रिम सरळ नसते. म्हणून रिमवर खडूची खूण करून ती पुढे असताना मोजायचं, मग गाडी अर्धा फेरा पुढे ढकलून तीच खूण मागे आली की पुन्हा मोजायचं. दोन्ही मापं त्याच एका ठिकाणाची, त्यामुळे रिमचा बाक हिशेबातून गळून पडतो. आणि गाडी पुढेच ढकलायची. मागे ढकलली की सांध्यांतली ढिलाई उलट बाजूला जाऊन बसते आणि गाडी रिव्हर्समध्ये जाताना टो किती असतो याचं अचूक उत्तर मिळतं, जे कुणालाच नको असतं.

आतापर्यंतचं सगळं ऐकून घेणारे लोकही पुढच्या मुद्द्यावर माझ्याशी भांडतात. तो म्हणजे स्टेअरिंगचं चाक. अलाइनमेंट झाली, गाडी सरळ जाते, पण स्टेअरिंग थोडं तिरकं राहिलंय. यावर सर्वत्र प्रचलित उपाय असा की मधला नट काढायचा, चाक खेचून काढायचं आणि एक दाता सरकवून सरळ बसवायचं. पाच मिनिटांचं काम, गिऱ्हाईक खूश. फियाटच्या बाबतीत हा उपाय म्हणजे दुखणं झाकणं आहे. तिच्या स्टेअरिंगच्या पेटीत वर्म (मळसूत्री दांडा) आणि त्यात अडकून फिरणारा रोलर असतो. अशा पेटीत दात मुद्दाम असे कापतात की बरोबर मध्यावर ते सगळ्यात घट्ट बसावेत, कारण गाडीचं सगळं आयुष्य तिथे जातं, आणि दोन्ही टोकांकडे थोडी सैल जागा राहावी. स्टेअरिंग तिरकं असताना गाडी सरळ जातेय याचा अर्थ पेटी मध्यावर नाही, सैल भागात काम करतेय. तुम्ही वरचं चाक काढून सरळ लावलंत तर दिसायला सरळ झालं, आत पेटी तिरकीच. मग स्टेअरिंगला प्ले, म्हणजे ढिलाई, वाटते, कुणीतरी पेटीचा स्क्रू आवळतं, आणि पेटीच्या खऱ्या मध्यावरून जाताना स्टेअरिंग अडकायला लागतं.

खरा उपाय कंटाळवाणा आहे. आधी पेटीचा मध्य शोधायचा: एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती फेरे होतात ते मोजून बरोबर निम्मे. तिथे चाक सरळ नसेल तर मगच ते काढून सरळ लावायचं. मग ते बांधून ठेवून, एका टाय रॉडची लांबी जितकी कमी करू तितकी दुसऱ्याची वाढवून, गाडी त्या मध्यावर सरळ आणायची. दोन्ही रॉड गंजलेले असतात. पेनिट्रेटिंग ऑइल मारून रात्रभर ठेवावे लागतात. एका बाजूची चूडी उलटी असते हे विसरून जोर लावणारे महाभाग असतात. तरीही हेच करायचं.

एक अडचण कुठल्याच गॅरेजमध्ये सुटत नाही, ती रस्त्याची. पावसाचं पाणी जावं म्हणून रस्ता मधून उंच आणि कडेला उतरता असतो. साधारण २ टक्के उतार धरला तर साडेतीन मीटरच्या लेनमध्ये डावी कड उजवीपेक्षा सात सेंटिमीटर खाली. आपण डावीकडून चालतो, म्हणून प्रत्येक गाडी थोडी डावीकडे झुकत जाणार. ज्या इटलीत ही गाडी मुळात जन्मली तिथे लोक उजवीकडून चालतात, त्यांची उजवीकडे जायची. यावर तोड म्हणून डाव्या चाकाचा कॅस्टर पाव-अर्धा अंश जास्त ठेवतात. गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला ओढते, म्हणून ती थोडी उजवीकडे ओढेल आणि रस्त्याच्या उताराशी फिट्टंफाट होईल. मी हे केलेलं नाही. हाताला ती किंचित डावी ओढ जाणवली की रस्ता उतरता आहे हे कळतं, आणि ते कळलेलं मला हवं असतं. मिस्त्रींचं मत वेगळं आहे.

त्यामुळे "गाडी ओढते" अशी तक्रार आली तर दोन गोष्टी आधी करून बघाव्यात. एखाद्या सपाट, रिकाम्या पट्ट्यावर तीच गाडी दोन्ही दिशांनी चालवायची. ओढ रस्त्याची असेल तर ती रस्त्याबरोबर बाजू बदलेल. मग पुढची दोन टायरं आपापसांत अदलाबदल करायची. ओढीनं बाजू बदलली तर दोष टायरचा होता आणि अलाइनमेंटचे पैसे वाचले. ब्रेक दाबल्यावरच ओढत असेल तर प्रकरण ड्रममध्ये आहे, तिकडे कोन मोजून काही मिळणार नाही.

एवढं सगळं करूनही माझ्या गाडीच्या डाव्या पुढच्या टायरची बाहेरची कड उजव्यापेक्षा जरा जास्त झिजते. मशीनवर आकडे सारखे, दोरीवर सारखे, रिम सरळ. बराच काळ मी त्यामागे लागलो होतो. कारण बहुधा साधं आहे. आपल्याकडे चौकातला गोल घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरायचा असतो, म्हणजे उजवीकडे वळत, आणि तेव्हा गाडीचा भार डाव्या चाकाच्या बाहेरच्या कडेवर येतो. ऑफिसच्या वाटेवर असे गोल लागतात आणि मी ते जरा जोरात घेतो. आता टायरांची जागा वेळेवर बदलतो. गोल हळू घ्यावा असं मिस्त्री म्हणाले होते.